टक्क्यांतून श्रेणी: आमच्या निकालपत्रकाच्या फाइलची नोंदवही

२६ मार्च

आज मुख्याध्यापक सरांनी निकालपत्रकाची फाइल माझ्याकडे दिली. "तंत्रस्नेही शिक्षिका तुम्हीच, १ मेच्या निकालाआधी ही नीट करून द्या," म्हणाले. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातली आमची जिल्हा परिषद शाळा. पहिली ते सातवी, पट १३८, शिक्षक सहा. सहावी माझ्याकडे आहे.

फाइल चार वर्षांपूर्वी बदलून गेलेल्या एका सरांनी केलेली. प्रत्येक वर्गाला एक पान, गुण भरले की समोर श्रेणी उमटते. तक्रार अशी की दरवर्षी काही चौकटी रिकाम्या राहतात आणि निकालाच्या आदल्या रात्री त्या हाताने भराव्या लागतात. का राहतात हे कुणी पाहिलेलं नाही. वेळच नसतो.

काम सुरू करताना श्रेणीचा तक्ता वहीत उतरवून घेतला. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हापासून तो तोंडपाठ आहे, पण आज प्रत्येक आकडा पुन्हा बघायचा होता. ९१ ते १०० अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, ६१ ते ७० ब-२, ५१ ते ६० क-१, ४१ ते ५० क-२, ३३ ते ४० ड, २१ ते ३२ इ-१, आणि २० व त्याखाली इ-२.

उतरवतानाच लक्षात आलं. ४० नंतर एकदम ४१. मग साडेचाळीस कुठे जाणार?

२८ मार्च

रिकाम्या चौकटींचं कारण तेच निघालं. जुन्या सूत्रात सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची सोडून प्रत्येक श्रेणीला दोन अटी आहेत: ४१ किंवा जास्त आणि ५० किंवा कमी असेल तर क-२, ३३ किंवा जास्त आणि ४० किंवा कमी असेल तर ड. ४०.५ यातल्या एकाही अटीत बसत नाही. ५०.५, ६०.५, ८०.५ यांचंही तसंच. तक्ता पूर्ण गुणांसाठी आहे आणि आमच्याकडे अर्धे गुण सर्रास असतात. वीस गुणांची चाचणी दहावर आणली की अर्धा आलाच.

गेल्या तीन वर्षांची निकालपत्रकं कपाटातून काढली. हाताने भरलेल्या चौकटी शाईच्या रंगावरून ओळखू येतात. सव्वीस सापडल्या. त्यातल्या एकोणीस ठिकाणी वरची श्रेणी दिलेली, सात ठिकाणी खालची. एकाच वर्गात, एकाच विषयात ६०.५ ला एका मुलाला ब-२ आणि दुसऱ्याला क-१. कुणी मुद्दाम केलेलं नाही, रात्री अकरा वाजता जे सुचलं ते लिहिलं गेलं. पण ती दोन मुलं एका बाकावर बसत होती.

२ एप्रिल

सूत्र बदललं. अटींच्या साखळीऐवजी तक्ता वेगळ्या पानावर ठेवला आणि एक्सेलच्या व्हीलूकअपने, म्हणजे तक्त्यात शोधून समोरची किंमत आणणाऱ्या सूत्राने, श्रेणी काढायची असं ठरवलं. पहिल्या प्रयत्नात पाच मिनिटं माझा विश्वासच बसेना. वर्गातल्या हुशार मुलांना इ-२ आणि पन्नासच्या आतल्या सगळ्यांसमोर चुकीची खूण.

चूक माझी होती. परिपत्रकात असतो तसा अ-१ वर, इ-२ खाली असा तक्ता मी टाइप केला होता. 'जवळची खालची किंमत शोध' असं सांगितलं की एक्सेल तक्ता लहानाकडून मोठ्याकडे लावलेला आहे असं धरून चालतं, तपासून पाहत नाही. मधल्या ओळीशी तुलना करून वर की खाली ते ठरवतं. उलटा तक्ता दिला की ५१ च्या वरचे सगळे घसरत शेवटच्या ओळीपर्यंत जातात. तक्ता उलटवला: ० इ-२, २१ इ-१, ३३ ड, ४१ क-२, ५१ क-१, ६१ ब-२, ७१ ब-१, ८१ अ-२, ९१ अ-१. फक्त खालच्या सीमा लिहिल्या. आता मधे फट उरत नाही, कुठलाही गुण कुठे ना कुठे बसतोच.

पण ४०.५ ला आता ड मिळतोय, आणि आधी पूर्णांक केला तर ४१ होऊन क-२. म्हणजे फट बुजली तरी प्रश्न उरलाच आहे. सरांशी बोलायला हवं.

३ एप्रिल

नवी फाइल तपासायला पहिल्या सत्राचे गुण घातले आणि नवी-जुनी श्रेणी समोरासमोर ठेवली. सहावीच्या पानावर कला विषयात तीन मुलांच्या श्रेणी जुळेनात. जुन्या फाइलमध्ये अ-१, नव्या फाइलमध्ये चुकीची खूण.

तिन्ही मुलं ऊसतोडीला गेलेल्या घरांतली. दिवाळीच्या आधीच आईवडिलांबरोबर कारखान्याला गेली, म्हणून गुणांच्या चौकटीत 'गैर' लिहिलेलं होतं. गैरहजर. जुनं सूत्र विचारत होतं, चौकटीतलं मूल्य ९१ किंवा जास्त आहे का? एक्सेलमध्ये तुलना करताना कोणताही शब्द कोणत्याही संख्येपेक्षा मोठा धरला जातो. 'गैर' हे ९१ पेक्षा मोठं ठरलं आणि अ-१ उमटलं. कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण यांत पूर्ण शंभर गुण आकारिकचे (सत्रभर वर्गातच होणाऱ्या मूल्यमापनाचे), म्हणजे एकच चौकट, म्हणून तिथे असं झालं. भाषा-गणितात आकारिक आणि संकलितची (सत्राअखेरच्या परीक्षेची) बेरीज होते, आणि बेरीज शब्दाला वगळून टाकते. तिथे त्याच मुलांना इ-२ मिळालं होतं.

ती प्रगतीपत्रकं छापून, सही-शिक्क्यानिशी घरी गेलेली आहेत. एका मुलाला शाळेत नसताना कलेत अ-१, आणि न दिलेल्या गणिताच्या परीक्षेत इ-२. दोन्ही खोटं. इ-२ जास्त लागतं, कारण त्या अक्षराचा अर्थ घरात 'नापास' असाच घेतला जातो. शाळेत नव्हता म्हणून काही मोजलं नाही, हे कागदावर लिहायला आमच्याकडे जागाच नव्हती.

आज दुसरं काही केलं नाही.

४ एप्रिल

आधी ती जागा केली. चौकट रिकामी असेल किंवा तिच्यात संख्या नसेल तर श्रेणी काढायचीच नाही, 'मूल्यमापन बाकी' असं छापायचं आणि ओळ पिवळी करायची. पिवळी ओळ असेपर्यंत प्रगतीपत्रकाचं पान छपाईला जाणार नाही.

याच सूत्राने दुसरी एक गोष्ट पकडून दिली. तिसरीच्या मॅडम मोबाइलवरून गुण भरतात, मराठी कीबोर्डवरून. त्यांनी भरलेला ३८ आमच्या संगणकाला संख्या वाटतच नाही, अक्षरं वाटतात. अख्खा वर्ग पिवळा झाला. मॅडम घाबरल्या. मी म्हटलं, मॅडम, बरं झालं, आधी हे कुणाला दिसतच नव्हतं. आता मराठी आकड्यांचे इंग्रजी आकडे करून घेणारा एक रकाना मागे जोडला आहे. त्यांनी कीबोर्ड बदलायची गरज नाही.

७ एप्रिल

वर्गवार भारांश तपासले. पहिली-दुसरीला आकारिक ७०, संकलित ३०. तिसरी-चौथीला ६० आणि ४०. पाचवी-सहावीला ५०-५०. सातवी-आठवीला ४० आणि ६०. जुन्या फाइलमध्ये चौथीच्या पानावर सहावीचं पान चिकटवलेलं होतं, बेरीज शंभरच भरते म्हणून कुणाला कळलं नाही. आता प्रत्येक चौकटीला कमाल गुणांची मर्यादा आहे, चौथीच्या आकारिकात ६१ लिहिलं तर चौकट घेत नाही.

पाचवी या फाइलमधून वेगळी काढली. तिथे आता वार्षिक परीक्षा आहे आणि प्रत्येक विषयात ३५ टक्क्यांची अट. म्हणजे ३४ टक्के मिळवणाऱ्या सहावीतल्या मुलाला ड श्रेणी, आणि पाचवीतला मुलगा त्या अटीच्या खाली. त्या वर्गाच्या पानावर श्रेणीच्या आधी ती अट तपासली जायला हवी.

संध्याकाळी गावठाणात आणि वरच्या वस्तीवर जाऊन आले. कारखान्यांचे पट्टे पडलेत, म्हणजे गाळप संपलंय, टोळ्या परत यायला लागल्या आहेत. माझ्या वर्गातली चार मुलं आली.

९ एप्रिल

आलेल्या चारांपैकी एका मुलीजवळ कारखान्याजवळच्या शाळेचा कागद आहे. शिक्षण हमी कार्डावर (स्थलांतरित मुलांना दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेलं कार्ड) ती तिथे सहावीला बसत होती. तिथल्या बाईंनी नोव्हेंबर ते मार्चच्या आकारिक मूल्यमापनाच्या श्रेणी लिहून दिल्या आहेत: मराठी ब-२, गणित क-१, आणि असंच पुढे. सुंदर अक्षर. पण गुण नाहीत, फक्त श्रेणी.

माझ्या फाइलला गुण हवेत. गणितात तिचे आकारिकचे पन्नासपैकी किती धरू? क-१ म्हणजे ५१ ते ६० यांतलं काहीही.

चौथीचे गुरुजी म्हणाले, "मधला धरा, सरळ हिशोब." त्यांच्या मुलीने सीबीएसईतून दहावी केली तेव्हा तिच्या गुणपत्रिकेवर सीजीपीए, म्हणजे दहापैकी सरासरी श्रेणीगुण, ९.२ होता आणि अकरावीच्या अर्जावर टक्के मागितले होते. साडेनऊने गुणायचं, मंडळानेच सांगितलेलं, म्हणून ८७.४ लिहिले. हे मला माहीत आहे. तो साडेनऊचा आकडा वरच्या श्रेणीतल्या मुलांच्या सरासरी गुणांवरून आलेला, सगळ्यांना मिळून अंदाजे बरोबर. एका मुलीपुरता तो बरोबर असेलच असं नाही. गुरुजींच्या मुलीचे खरे टक्के किती होते ते तिला आजही ठाऊक नाही.

टक्क्यांची श्रेणी करता येते, श्रेणीचे टक्के करता येत नाहीत. दहा गुणांचा एक डबा, आत काय होतं ते झाकण लावल्यावर कळत नाही. कागदावर शाळेचा फोन होता. तो लावला, लागला नाही. उद्या पुन्हा.

१० एप्रिल

फोन लागला. तिथल्या बाईंनी दोन मिनिटं थांबायला सांगून नोंदवही आणली आणि विषयवार गुण वाचून दाखवले. मराठी पन्नासपैकी ३१, गणित ३०. शेवटी विचारलं, "अभ्यास करते ना अजून? अपूर्णांक तिला आवडायचे." ते वाक्यही तिच्या वर्णनात्मक नोंदीत 'आवड' या मथळ्याखाली लिहून ठेवलं.

उरलेल्या तीन मुलांकडे कसलाच कागद नाही. ती फडावरच होती, लहान भावंडं सांभाळत. आकारिकसाठी किमान पाच साधनं वापरायची असतात, म्हणून तिघांसाठी पुढच्या दोन आठवड्यांचं वेगळं नियोजन केलं: तोंडी काम, कृती, प्रात्यक्षिक, स्वाध्याय, चाचणी. रोज मधल्या सुट्टीनंतर अर्धा तास. शून्य भरून इ-२ छापणं आता फाइलच होऊ देणार नाही, तेव्हा मोजायलाच हवं.

त्यातला एक मुलगा वजनकाटा वाचतो, पिकअपचा भार तोंडी काढतो, मोळीमागे किती आणि कोयत्याला (ऊस तोडणाऱ्या जोडप्याला) किती हे मनात करून सांगतो. कागदावर भागाकार मांडता येत नाही. तोंडी कामात त्याला दहापैकी नऊ दिले, आणि ते बरोबर आहेत.

१५ एप्रिल

पूर्णांक कधी करायचा यावर आज बैठक झाली. मी सहावीच्या हजेरी क्रमांक १७ चं गणित फळ्यावर लिहिलं, नाव न सांगता.

आकारिकची पाच साधनं, प्रत्येकी दहा गुण: ४.५, ५, ३.५, २.५, ४. बेरीज १९.५. संकलितमध्ये तोंडी ५, लेखी १५.५. बेरीज २०.५. एकूण बरोबर ४०. श्रेणी ड.

आता प्रत्येक साधनाला अर्ध्याचा पूर्ण करा: ५, ५, ४, ३, ४ म्हणजे २१. संकलितला ५ आणि १६ म्हणजे २१. एकूण ४२. श्रेणी क-२.

किंवा फक्त आकारिक आणि संकलितच्या बेरजेला पूर्ण करा: २० आणि २१, एकूण ४१. पुन्हा क-२.

तोच मुलगा, तेच पेपर. कुठल्या पायरीवर अर्धा वर ढकलला यावर अक्षर बदलतं.

सातवीचे सर म्हणाले, "मुलांचा फायदा होतोय तर होऊ द्या की, मॅडम." मलाही पहिल्यांदा तेच वाटलं होतं. पण तिसरीच्या मॅडम पूर्णच गुण देतात, अर्धा देतच नाहीत, त्यांच्या मुलांना हा फायदा कधी मिळत नाही. मी अर्धे देते, माझ्या मुलांना मिळतो. म्हणजे तो फायदा मुलाच्या कामावर नाही, बाईंच्या सवयीवर अवलंबून आहे. सहावीत मोजून पाहिलं: संकलित असलेले सहा विषय, तेवीस मुलं, १३८ श्रेणी. पायरी-पायरीने पूर्ण केलं तर त्यातल्या नऊ वर जातात.

सरांनी निर्णय दिला: अर्धे गुण शेवटच्या बेरजेपर्यंत जसेच्या तसे ठेवायचे, शंभरपैकी एकूण झाल्यावर एकदाच पूर्णांक करायचा, अर्धा असेल तर वर. मग श्रेणी. ४०.५ ला क-२, ४० ला ड. सगळ्या वर्गांना एकच. बैठकीच्या वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

१७ ला ड राहणार. आज शाळा सुटल्यावर त्याला थांबवून त्याची चाचणी पुन्हा बघितली. अडीच गुण मिळालेत, कारण दशांशचिन्ह एक घर चुकतंय, सगळीकडे एकच चूक. ती 'सुधारणा आवश्यक' खाली नेमक्या शब्दांत लिहिली: 'दशांश अपूर्णांकांच्या गुणाकारात चिन्हाची जागा चुकते, रीत येते.' ड या अक्षरातून पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला यातलं काही कळलं नसतं.

२० एप्रिल

लाइट नव्हती. नोंदी वहीत.

२४ एप्रिल

संकलितचे पेपर तपासून झाले. कारखान्याहून आलेल्या मुलीला गणितात पन्नासपैकी २०.५. आकारिकचे ३० मिळवून ५०.५, पूर्णांक ५१, श्रेणी क-१.

मुद्दाम दुसरा हिशोबही करून बघितला. फोन केला नसता आणि क-१ चा मधला, ५५.५ टक्के, धरला असता तर आकारिक २७.७५, एकूण ४८.२५, श्रेणी क-२. कागद गुरुजींना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा बेरीज केली आणि म्हणाले, पुढच्या वर्षीपासून आपणही बाहेर जाणाऱ्या मुलांना श्रेणीबरोबर गुण लिहून देऊ. ते काम त्यांनीच अंगावर घेतलं. ऑक्टोबरमध्ये टोळ्या निघायच्या आत प्रत्येक मुलाच्या कार्डाला एक पान जोडायचं: साधनवार गुण, कुठल्या घटकापर्यंत शिकवून झालं, आणि आमचा फोन.

२६ एप्रिल

एकूण श्रेणी. सहावीला नऊ विषय, ९०० पैकी बेरीज, त्याचे टक्के, मग श्रेणी. जुन्या फाइलमध्ये अक्षरांना क्रमांक देऊन त्यांची सरासरी काढली जात होती. त्यामुळे ६१ आणि ७० सारखे मोजले जातात, आणि ७० व ७१ मध्ये एका पूर्ण श्रेणीचं अंतर पडतं. ते काढून टाकलं, आता गुणांचीच बेरीज.

तरी एक गोष्ट मला खटकत राहते. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणात आम्ही बहुतेकांना ऐंशीच्या वर देतो. क्रमांक ९ ला गणितात २९ म्हणजे इ-१, इंग्रजीत ३४ म्हणजे ड, आणि एकूण श्रेणी क-१. घरी एकूण श्रेणीच बघितली जाते. नियमाप्रमाणे ड च्या खालच्या मुलाला जादा मार्गदर्शन करून वर आणायचं असतं, त्याच वर्गात ठेवायचं नसतं. ते मार्गदर्शन होणार कसं, जर घरच्यांना इ-१ दिसलंच नाही? छपाईच्या पानावर विषयवार श्रेणींचा रकाना एकूणच्या वर आणला, ठळक केला, आणि प्रत्येक श्रेणीशेजारी गुणही छापले. गुण छापायला सरांची परवानगी घेतली. ते म्हणाले, नंबर लावू नका, एवढंच. नंबर लावलेले नाहीत.

२९ एप्रिल

पिवळ्या ओळी शून्य. सहाही शिक्षकांनी प्रत्येकी पाच मुलांच्या श्रेणी कागदावर हाताने काढून फाइलशी जुळवल्या. सगळ्या जुळल्या. चौथीत एक फरक दिसला, तो हाताच्या बेरजेतला निघाला.

पहिल्या सत्राची चुकलेली तीन प्रगतीपत्रकंही नव्याने छापली. जुनी परत मागवायची आहेत.

३० एप्रिल

छपाई झाली. शाई दोन पानांआधी संपली, तालुक्याहून आणली.

१ मे

ध्वजारोहणानंतर निकाल वाटला. झेंड्यासाठी आलेले पालक थांबले होते, टोळीवरून परवाच आलेलेही.

गैरहजेरीत अ-१ आणि इ-२ मिळालेल्या मुलाचे वडील जुनं प्रगतीपत्रक घेऊन आले होते, प्लास्टिकच्या पिशवीत, चार घड्या घालून. काय चुकलं होतं ते त्यांना सांगितलं. आमची चूक होती, पोराची नव्हती, असंही स्पष्ट सांगितलं. त्यांनी विचारलं, "मंग आता गणितात काय हाय?" नव्या पानावर बोट ठेवून दाखवलं. दुसऱ्या सत्रात ४३, क-२. शेजारी नोंद: 'तोंडी हिशोब उत्तम. लेखी भागाकाराचा सराव हवा.' त्यांना वाचता येत नाही, पोरानेच मोठ्याने वाचून दाखवलं. 'उत्तम' हा शब्द त्याने दोनदा वाचला.

जुनं पान त्यांनी परत दिलं. ते फाडलं नाही, फाइलच्या पहिल्या पिशवीत लावून ठेवलं आहे.

जूनसाठी बाकी: पाचवीचं पान पूर्ण करणे. सूत्रांना कुलूप लावणे. ऊसतोड मुलांचं जोडपान गुरुजींबरोबर बसून ठरवणे. क्रमांक १७ च्या सातवीच्या सरांना दशांशचिन्हाचं तोंडी सांगणे, नोंद वाचली जाईल यावर अवलंबून न राहता.